मानेतली गाठ: सुईची तपासणी की बायोप्सी?

देवगडच्या वैनींच्या मानेत गाठ आलीय, डॉक्टरांनी दोन्ही पर्याय सांगितलेत आणि त्या कालपासून विचारतायत, भावजी, कुठली करू.

त्रास आणि खर्च बघाल तर एफएनएसी, म्हणजे सुईची तपासणी, सोपी, बारीक सुईने दोन-तीनदा टोचतात, आलेला थेंब काचेवर पसरतात, की लगेच घरी. बायोप्सीत जाड सुईने तुकडा नाहीतर आख्खी गाठच काढतात, गाठ काढली तर टाके आले, खर्चही वाढला.

रिपोर्टही सुईचा लवकर येतो. बायोप्सीचा तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये (तुकडा कुजू न देणारं रसायन) मुरवायचा, मग मेणात बसवून 4-5 मायक्रॉनचे काप काढायचे, मग रंग द्यायचा (केंद्रकं निळी-जांभळी, बाकी सगळं गुलाबी), आणि आपल्याकडून डबी एसटीने लांबच्या लॅबला जाणार असेल तर वेळ लागणारच. हां, टीबीच्या कल्चरसाठीचा (जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा) तुकडा फॉर्मलिनमध्ये घालायचा नाही, जंतू मरतात, हे डबी भरायच्या आधीच विचारा.

खरा फरक मात्र दिसतं काय यात आहे. सुईत येतात सुट्या पेशी, आणि सुटे चिरे बघून गडगा कसा रचला होता ते कळत नाही. थायरॉइडची फॉलिक्युलर गाठ साधी की कॅन्सरची, हे पेशी गाठीचं आवरण फोडून बाहेर गेल्यात का यावर ठरतं, ते सुईत दिसणारच नाही. लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या) संशयातही शक्यतो आख्खी गाठच मागतात.

म्हणून वैनी, पहिलीच तपासणी असेल, टीबीचा संशय असेल तर एफएनएसी. तिचा रिपोर्ट गोलमोल आला किंवा लिम्फोमाची शंका असली तर बायोप्सी.