नागपूरचा पैसा: राज्याचं अनुदान की आपला मालमत्ता कर?

जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, होती तेव्हा वर्धा रोडच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागायची. कटकट होतीच, पण संध्याकाळी जमलेली रक्कम शहराची असायची. 2013 मध्ये तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, 2017 मध्ये जीएसटी, आणि मनपाच्या हाती बुडालेल्या उत्पन्नापोटी राज्याचं भरपाई अनुदान उरलं.

अनुदान दरमहा येतं, कायद्यानं त्यात वर्षाला 8 टक्के वाढ धरलेली आहे, वसुलीला माणूस लागत नाही. पगार भागवायला हे बरंच. पण वस्ती वाढली, नवी गडरलाईन (सांडपाण्याची वाहिनी) टाकायची झाली, की विशेष निधीसाठी मुंबईला खेटे घालावे लागतात. शहरात एका पक्षाची सत्ता आणि मंत्रालयात दुसऱ्याची असली, तर फाईल हलायला किती वेळ लागेल कोण सांगणार?

मालमत्ता कर कोणाच्या मर्जीवर नाही. मात्र घरावर दुसरा मजला चढतो, खाली दुकानाचं शटर लागतं, आणि नोंद जुन्या कौलारू घराचीच राहते. निवडणूक जवळ आली की कर वाढवायचं नावही कोणी काढत नाही.

तरी माझा कौल मालमत्ता करालाच. बिल हातात असलं की नागरिक झोन कार्यालयात जाऊन हिशेब विचारू शकतो. अनुदानाचा हिशेब विचारायला मुंबई फार लांब पडते.