काळे डाग आणि वांग: व्हिटॅमिन सी, नायसिनमाइड की अझेलिक?

सीरमच्या आधी डाग कसला आहे ते बघा, कारण अर्धा निकाल तिथेच लागतो. मुरूम बसल्यावर मागे राहिलेला तपकिरी ठिपका काही महिन्यांत बहुधा आपणहून फिका होतो, सीरम त्याला फक्त घाई करतं. दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर सारखाच पसरलेला वांग मात्र चिवट. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांनी उमटतो, उन्हाने वाढतो आणि गेला म्हणेपर्यंत परत येतो. आणि मानेची कातडी काळी, जाड, मखमलीसारखी झाली असेल तर सीरमवर पैसे घालूच नका. ते बऱ्याचदा शरीरातल्या इन्शुलिनच्या गडबडीचं लक्षण असतं, आधी साखर तपासून घ्या.

आता बाटल्या. व्हिटॅमिन सीचा गाजावाजा सगळ्यात जास्त. ते टायरोसिनेज या एन्झाइमच्या कामात खोडा घालतं, म्हणजे काळं रंगद्रव्य तयार होतानाच कमी होतं. त्याचं शुद्ध रूप म्हणजे एल-अस्कॉर्बिक अॅसिड. ते 10 ते 20 टक्के असावं आणि द्रावणाचा पीएच (आम्लतेचं माप) 3.5 च्या खाली, तरच ते आत मुरतं. 20 च्या वर फायदा वाढत नाही, चुरचुर तेवढी वाढते. पण आपल्याकडे त्याचा खरा वैरी हवामान. ड्रॉपर उघडला की हवा आत, त्यात मुंबईचा मे महिना. पाण्यासारखं स्वच्छ सीरम हळूहळू पिवळं आणि मग कोऱ्या चहासारखं होतं. त्या रंगाला आलेली बाटली महागाची होती म्हणून लावत बसू नये. (व्हिटॅमिन सीच हवं ना, मग लिंबू चोळ, असा सल्ला देणारी मावशी प्रत्येक घरात असते. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजून नवे चट्टे उठतात.)

नायसिनमाइड, म्हणजे व्हिटॅमिन बी3 चं एक रूप, त्या मानाने गरीब स्वभावाचं. ते रंगद्रव्य तयार होणं थांबवत नाही, तयार झालेलं वरच्या पेशींपर्यंत पोचू देत नाही. मेक्सिकोत वांग असलेल्या 27 रुग्णांवर 4 टक्के नायसिनमाइड आणि 4 टक्के हायड्रोक्विनोन (डाग फिके करणारं जुनं औषध) यांची तुलना झाली होती, निष्कर्ष 2011 मध्ये छापून आले. चांगली सुधारणा अनुक्रमे 44 आणि 55 टक्के जणांत दिसली, त्रास मात्र नायसिनमाइडने कमी झाला. अभ्यास लहान आहे, तरी एक गोष्ट कळते: 4-5 टक्के पुरे. लेबलवरचे 10 टक्के बघून हुरळू नका, नाजूक त्वचेला ते लाल करतात. तेलकट चेहरा, मुरमांचे ठिपके आणि पहिलंच सीरम असेल, तर हेच घ्या.

माझं मत मात्र अझेलिक अॅसिडला. देखणी बाटली नाही, जाहिरात नाही. मेडिकलमध्ये साधी ट्यूब मिळते, 10 किंवा 20 टक्क्यांची, बहुतेक सीरमपेक्षा स्वस्त. मुरूम आणि त्याचा डाग, दोन्हीवर चालते. गरोदरपणात हायड्रोक्विनोन आणि रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चं रूप) बाजूला ठेवावे लागतात, तेव्हाही ही सहसा चालते, आणि वांग नेमका तेव्हाच येतो. तरी एकदा डॉक्टरांना विचारा. सुरुवातीला लावल्यावर थोडा वेळ खाजतं, गालावर मुंग्या फिरतायत असं वाटतं. एक दिवसाआड लावली की चेहरा सरावतो.

या तिन्हींचा खरा स्पर्धक मात्र मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो ती क्रीम. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन (रेटिनॉलचाच जोरकस भाऊ) आणि मोमेटासोन नावाचं स्टेरॉइड असं त्रिकूट. आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून ती एका मैत्रिणीकडून दुसरीकडे जाते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीत ती उपयोगी आहे. महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, लव वाढते, आणि थांबवली की डाग दुप्पट गडद. स्टेरॉइडच्या अशा क्रीम चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून 2018 मध्ये नियमही कडक झाले. पार्लरमधल्या बिननावाच्या डब्या त्याहून वाईट. अकोल्यात अशाच एका क्रीमनंतर एकाच घरातल्या मायलेकींच्या मूत्रपिंडांना त्रास झाल्याचं 2023 मध्ये उघड झालं; क्रीममध्ये पारा सापडला होता.

तिन्हींपैकी काहीही घ्या, सनस्क्रीन नसेल तर ते पाण्यात. वांगाला साधं सनस्क्रीनही पुरत नाही, कारण सावळ्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा उजेडसुद्धा डाग गडद करतो. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन लागतं. ते ओढणीला आणि कॉलरला लागतं, ही कटकट आहेच. पण बजेट तंग असेल तर सीरम पुढच्या महिन्यावर ढकला आणि ते आधी आणा. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर भरून रेघ काढाल एवढं लावायचं, वाटाण्याएवढं नाही.

सीरमला तीन महिने द्या. रोज आरशात फरक कळत नाही, म्हणून त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, महिन्यातून एक फोटो काढा. तिसऱ्या फोटोतही डाग जसाच्या तसा असेल तर रंग कातडीत खोल असण्याची शक्यता असते, आणि तिथे वरून लावलेलं फारसं पोचत नाही. मग चौथी बाटली आणण्याऐवजी ते फोटो घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा; आतापर्यंत काय काय लावलं त्याच्या ट्यूब आणि डब्याही पिशवीत टाका.