म्हापशात हरताळ फासून मिळेल, तोही नीट

म्हापसा मार्केटच्या मागच्या गल्लीत एक छोटा डीटीपी-झेरॉक्सवाला आहे, पाटीवरची अर्धी अक्षरं उडालीयत त्यामुळे दुकानाचं नाव मलाही धड सांगता येणार नाही. पण काम बघा. मला भाडेकराराची कॉपी एकाला पाठवायची होती आणि आत आधार, बँक खातं सगळं उघडं. आधी दुसरीकडे गेलेलो, त्यांनी पीडीएफवर काळे चौकोन ठेवून ५० रुपये घेतले, मीही खूश. ह्याने ती फाईल उघडली, चौकोनावरून माऊस ओढला, कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट केलं आणि आधारचे बाराच्या बारा आकडे समोर! म्हणतो, "हें रिडॅक्ट न्हय बाब, ही फकत चादर." (रिडॅक्ट म्हणजे नाजूक मजकूर कुणाला वाचता येणार नाही असा कायमचा झाकणं.) मग खालचा मजकूरच उडवला, पानांच्या इमेज करून नवीन पीडीएफ केली आणि परत माऊस ओढून दाखवला, काहीच सिलेक्ट होईना. वर सांगतो, पुढच्या वेळी मास्क्ड आधार फुकट डाऊनलोड करा, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. स्वतःचंच गिऱ्हाईक घालवतोय बिचारा.

बाकावर एक म्हातारे पोर्तुगीज शिकलेले बसलेले, ते रिडॅक्ट ऐकून एकदम, "रेदाक्तोर म्हणजे पेपराचा संपादक रे, काळं फासणारा कसला?" खरंय की. मूळ लॅटिन रेदिगेरे, म्हणजे परत आणणं, जमवून नीट लावणं, आणि इंग्रजीतही रिडॅक्ट म्हणजे आधी संपादन करणंच होतं, नाजूक मजकूर झाकायचा अर्थ बराच नंतर चिकटला. गोव्यातला ओ हेराल्डो पेपर १९०० पासून १९८३ मध्ये इंग्रजी होईपर्यंत पोर्तुगीजमध्येच निघायचा, म्हणजे म्हाताऱ्यांच्या कानात तो जुनाच अर्थ बसलेला असणार.

मला आपला हरताळ आठवला. पोथी लिहिताना चुकलं की त्या अक्षरावर हरताळ, म्हणजे ते पिवळं आर्सेनिकचं खनिज, फासायचे आणि वरून परत लिहायचे, हरताळ फासणं आलं ते तिथून. (बंदवाला हरताळ वेगळा, तो हाट आणि ताळा, बाजाराला कुलूप.) दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, नवीन पाटीवर हेच लिहितो.

तक्रार एवढीच की १० पानांचे १५० म्हणजे जरा जास्तच, आणि उभं राहायला जागा नाही. शुक्रवारी बाजाराच्या दिवशी जाऊ नका, स्कूटर लावायलाच अर्धा तास जातो.