पडल्यानंतर पुन्हा खोगिरावर : धास्तावलेल्या स्वारांसाठीच्या एका वर्गाचे परीक्षण

घोड्यावरून पडून मोडलेले माझे मनगट काही आठवड्यांत सांधले, पण रिकिबीत पाय ठेवताच पोटात गोळा येणे दीड वर्ष थांबले नाही. म्हणून केवळ भीती बसलेल्या प्रौढ स्वारांसाठी एका केंद्राने चालवलेल्या 10 तासिकांच्या वर्गात मी फारशी आशा न ठेवता नाव घातले. वर्ग संपून 3 महिने झाल्यावर हे लिहीत आहे, कारण शेवटच्या दिवशीच्या उत्साहावरून अशा वर्गाची पारख होत नाही.

पहिल्या दोन तासिकांत घोड्यावर बसायचेच नव्हते, याचा मला प्रथम राग आला. खरारा करणे, खूर उचलून साफ करणे आणि दोर धरून घोड्याला चालवणे एवढेच काम होते. मात्र ते करत असताना शिक्षिकेने घोड्याची नजर समजावून सांगितली : डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, फक्त अगदी कपाळासमोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही, आणि तो शिकार होणारा प्राणी असल्यामुळे फडफडणारी पिशवी दिसली की आधी पळतो, मग पाहतो. आपल्याला घोड्याने मुद्दाम पाडले, हा माझा समज तेथेच गळून पडला.

या वर्गाचे खरे मोल लांब दोरावरच्या तासिकांत आहे. दोर शिक्षिकेच्या हाती असतो, घोडा तिच्याभोवती वर्तुळात फिरतो आणि स्वाराच्या हाती लगामच नसतो, त्यामुळे घाबरून खेचायला काही उरत नाही. घाबरलेला स्वार पुढे वाकतो, श्वास रोखतो, गुडघे आवळतो आणि त्याच्या टाचा वर जातात. आवळलेले पाय घोड्याला ‘पुढे चल’ सांगतात, तर खेचलेला लगाम ‘थांब’ म्हणतो, आणि या दुहेरी हुकुमाने घोडा अस्वस्थ झाला की स्वाराची भीती खरी ठरते. यावर उपाय म्हणून पावलांच्या तालावर मोठ्याने आकडे मोजायला लावले, कारण बोलणाऱ्याला श्वास रोखता येत नाही. आधी मला ते पोरकट वाटले होते. तिसऱ्या फेरीत माझी मांड आपोआप सैल होऊन खोगिरात नीट बसली. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात, आता समोर छत्री उघडणार असे माणसांना सांगितले असता, छत्री न उघडताही माणसांबरोबर घोड्यांच्या हृदयाचे ठोके वाढलेले आढळले होते. तेव्हा ‘घोड्याला भीती कळते’ हे वाक्य निव्वळ दटावणी नाही.

एका बाजूचा लगाम हळूहळू आखडून घोड्याचे तोंड वळवत त्याला थांबवणे, आणि उतरण्याआधी दोन्ही पाय रिकिबीतून काढणे, हेही कदम चालीवर, म्हणजे घोड्याच्या सर्वांत संथ चालीवर, कंटाळा येईपर्यंत घोटवून घेतले. भरधाव घोड्याला असे एकदम वळवल्यास त्याचाच तोल जाऊ शकतो, हे बजावायला शिक्षिका विसरली नाही.

शेवटच्या दोन तासिका मात्र वर्गाच्या उद्देशाशी विसंगत होत्या. 6 स्वारांमागे एकच शिक्षक होता, तोही नवा, आणि सर्वांनी दुडकीच्या पुढची, अधिक वेगाची चाल धरावी असा त्याचा आग्रह होता. मी नकार दिल्यावर मिळालेला टोमणा भीती घालवणाऱ्या वर्गात शोभणारा नव्हता. उसन्या मिळणाऱ्या शिरस्त्राणांपैकी एकाचा हनुवटीखालचा पट्टा सैल होता. जोराचा मार बसलेले शिरस्त्राण वरून धड दिसले तरी बदलावे लागते, आणि उसन्या शिरस्त्राणाचा इतिहास कोणाला ठाऊक असतो? ते स्वतःचेच न्यावे.

ज्यांना लवकर वेग हवा आहे त्यांनी येथे जाऊ नये. पडल्यावर खोगीर टाळणाऱ्यांनी अवश्य जावे, पण दोरावरच्या तासिका वाढवून मिळतात का, हे आधी विचारावे. मागच्या आठवड्यात झुडपातून पक्षी उडाला आणि माझा घोडा बुजला. मी त्याच्या मानेभोवतीचा पट्टा धरून मोठ्याने आकडे मोजले आणि तो चार पावलांत थांबला. उतरल्यावर माझे हात बराच वेळ थरथरत होते, म्हणून दोरावरच्या आणखी दोन तासिकांसाठी मी त्याच केंद्रात नाव दिले आहे, या वेळी एकटीसाठी.