इंडीचा शेवट कशावर करायचा: 'लास्ट क्रुसेड' की 'डायल ऑफ डेस्टिनी'?

घरात कुणाला इंडियाना जोन्स (साहसी पुरातत्त्वज्ञ इंडीची सिनेमा-मालिका) पहिल्यांदा दाखवायचा असेल, तर सुरुवातीबद्दल वाद नसतो. पहिला भाग 'रेडर्स' लावायचा आणि बाजूला बसायचं. अडतं ते शेवटाशी. 1989 साली तिसरा भाग 'लास्ट क्रुसेड' आला तेव्हा मालिका तिथेच मिटल्यासारखी होती. इंडी, त्याचा बाप आणि दोन मित्र असे चौघं घोड्यांवर बसून मावळतीकडे निघून गेले, पुढे काही उरलं नाही. मग 2008 मध्ये 'क्रिस्टल स्कल' आला आणि 2023 च्या जूनअखेरीस 'डायल ऑफ डेस्टिनी'. क्रमाने पाहिलं तर शेवट आता पाचवा भाग. पण नागपूरच्या धरमपेठेत रविवारी सकाळी तर्री-पोह्यांच्या प्लेटा रिकाम्या झाल्या की आमच्यात हा वाद हमखास निघतो, आणि अजून मिटलेला नाही. शेवटचा म्हणून मनात कोणता ठेवायचा हे ज्याचं त्याला ठरवावं लागतं. मला ठरवणं भाग पडलं, कारण पुतण्याला मालिका दाखवायची होती आणि सोबत बाबाही बसणार होते.

'क्रिस्टल स्कल' इथेच बाजूला ठेवतो. लग्नावर संपतो, टोपी उडून इंडीच्या मुलाच्या, मटच्या पायाशी येते, तो ती घालणार तेवढ्यात इंडी काढून घेतो. प्रसंग गोड आहे, पण शेवट म्हणून त्याची बाजू घेणारा मला आजवर भेटलेला नाही. खरी लढत तिसऱ्या आणि पाचव्या भागातच आहे.

पाचव्याची बाजू आधी मांडतो, कारण तिला लोक फार स्वस्तात मोडीत काढतात. आमच्या गटातला एक मित्र प्राचीन इतिहास शिकलेला, नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं आणि मनसरचं उत्खनन पायाखाली घातलेला माणूस. तो 'डायल'च्या बाजूने ठाम उभा असतो. त्याचं म्हणणं असं की आधीच्या भागांतल्या वस्तू श्रद्धेच्या किंवा कल्पनेच्या, पण या भागातली वस्तू खरोखर सापडलेली आहे. ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजाच्या अवशेषांतून 1901 मध्ये वर आलेलं ते ब्राँझचं यंत्र आजही अथेन्सच्या संग्रहालयात आहे. त्याची तीस दातेरी चाकं शिल्लक आहेत, आणि सूर्य-चंद्राच्या गती व ग्रहणं त्यावर काढता येत होती. सिनेमाने ते आर्किमिडीजच्या नावावर टाकलं आणि त्यातून काळात मागे जायची वाट काढली, ती अर्थातच कल्पना. पण बीज खरं आहे, आणि ज्याला मातीतून निघालेल्या वस्तूंचं वेड आहे त्याला ते भिडतं. आर्किमिडीजच्या थडग्यात सांगाड्याच्या मनगटावर घड्याळ दिसतं, त्या क्षणी माझ्याही अंगावर काटा आला होता.

दुसरी गोष्ट इंडीचं काम करणारा हॅरिसन फोर्ड. जन्म 13 जुलै 1942 चा, म्हणजे चित्रीकरण चालू असताना गडी एकोणऐंशीचा. 1969 सालातला हा इंडी सकाळी शेजाऱ्यांच्या गाण्याच्या आवाजाने चिडून उठतो, उघड्या अंगाने दारात जाऊन भांडतो, आणि त्याच दिवशी कॉलेजातून निवृत्त होतो. पडद्यावर असं म्हातारपण दाखवायला धैर्य लागतं. मुलगा व्हिएतनामच्या लढाईत मारला गेला आहे, बायको मॅरियन वेगळी राहते. बोटीवर हेलेना, त्याच्या जुन्या मित्राची मुलगी, त्याला विचारते की काळात मागे जाता आलं तर काय करशील. मुलाला सैन्यात जाऊ नको म्हणून सांगेन, असं तो म्हणतो. तो प्रसंग मला संपूर्ण मालिकेतल्या उत्तम अभिनयात धरावासा वाटतो. बाबा त्या वेळी टीव्हीकडे एकटक बघत होते, आणि आमच्या घरात टीव्हीसमोर असं क्वचित होतं.

1944 च्या सुरुवातीच्या भागात संगणकाने तरुण केलेला चेहरा आणि आतून येणारा म्हाताऱ्याचा आवाज यावर पुष्कळांचा आक्षेप आहे. मला तो जाणवला, पण फार खुपला नाही. लांबी मात्र जाणवते. 154 मिनिटं आहेत, तिसऱ्यापेक्षा 27 जास्त. टँजियरच्या गल्ल्यांतला ऑटोंचा पाठलाग इतका चालतो की बाबा उठून पाणी पिऊन, गच्चीवरचे कपडे काढून परत आले, तरी पाठलाग सुरूच होता.

'लास्ट क्रुसेड'मध्येही खोड्या आहेत, त्या झाकू नयेत. 'रेडर्स'मधला इंडीचा मित्र मार्कस ब्रॉडी गंभीर, जाणता माणूस होता. इथे त्याचं अगदी बावळट ध्यान करून टाकलं आहे. दुसरा मित्र सल्लाहचंही थोडं तसंच. मॅरियनचा उल्लेखही नाही, आणि जी नायिका आहे, एल्सा, ती शेवटी दरीत जाते, म्हणजे मावळतीकडे निघालेल्या चौघांत बाई कोणीच नाही. माझ्या वहिनीने हे पहिल्या फटक्यात पकडलं आणि तिचं मत तिथेच पाचव्याकडे झुकलं. मला तिचा मुद्दा मान्य आहे. पाचवा भाग घरी येऊन संपतो, तिसरा घर टाळून संपतो.

'लास्ट क्रुसेड'च्या शेवटी दिसणाऱ्या पेट्राबद्दलही सांगून टाकतो, कारण प्रत्येक नवा प्रेक्षक विचारतोच. दर्शनी भाग खरा आहे, जॉर्डनमधला अल-खझनेह. आतलं देवालय, खड्डे, करवती, सगळं सेटवरचं. प्रत्यक्षात त्या भव्य दाराच्या मागे साध्या कोरलेल्या खोल्या आहेत.

आता मूळ मुद्द्याला येतो. माझा कौल ज्या एका गोष्टीने ठरला, ती म्हणजे 'डायल'मधली हेलेनाची बुक्की.

प्रसंग आठवा. विमान काळाच्या भेगेतून निघून भलत्याच काळात पोचतं, रोमन आरमाराने वेढलेल्या सिराक्यूज या प्राचीन ग्रीक नगरीवर. इंडीला गोळी लागलेली. समोर ज्यांच्याबद्दल त्याने जन्मभर वाचलं, शिकवलं, ज्यांच्या उरल्यासुरल्या वस्तू त्याने मातीतून उकरल्या, ती माणसं जिवंत उभी. खुद्द आर्किमिडीज समोर, आणि हा त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलतो. इंडी म्हणतो, मी इथेच राहतो. आणि का म्हणू नये? परतायचं कुणासाठी? मुलगा नाही, बायको सोडून गेली, नोकरी संपली, ज्या जगात परतायचं ते चंद्रावर गेलेल्यांची मिरवणूक काढण्यात गुंग आहे. तिथवर त्या सिनेमाने दोन-अडीच तास खपून हा एकच प्रश्न उभा केला होता: या माणसाने पुढचं आयुष्य का जगावं? हेलेना समजावते. तिचं म्हणणं बरोबरही आहे. इंडी ऐकत नाही. मग ती त्याच्या तोंडावर एक बुक्की मारते, पडदा काळा होतो, आणि डोळे उघडतात ते न्यूयॉर्कच्या खोलीत.

उत्तर द्यायचं होतं त्यानेच, आणि तेच त्याच्याकडून काढून घेतलं. तो परत आला नाही, त्याला परत आणलं. शेवटच्या सिनेमातला सगळ्यात मोठा निर्णय घेताना नायक बेशुद्ध होता. पुतण्याने तेव्हाच विचारलं, "काका, मग त्याचं काय ठरलं?" मला उत्तर देता आलं नाही, कारण सिनेमात ते नाहीच. एक वाक्य पुरलं असतं. मुलाचं नाव घेऊन, मॅरियनचं नाव घेऊन, किंवा काहीच न बोलता विमानाकडे वळला असता तरी चाललं असतं.

मित्राचा प्रतिवाद मी प्रामाणिकपणे सांगतो, कारण त्यात दम आहे. "भाऊ, गोळी लागलेला माणूस आहे, रक्त वाहतंय, तिथे चर्चा काहून करत बसायची?" असं तो म्हणतो. शिवाय खरा निर्णय नंतर स्वयंपाकघरात होतो. मॅरियन किराणा घेऊन येते आणि दोघं 'रेडर्स'मधला जहाजावरचा तो कुठे दुखतं-कुठे दुखत नाहीचा प्रसंग पुन्हा खेळतात, फक्त या वेळी बाजू बदलून. मॅरियन झालेली कॅरन ॲलन तिथे जे करते ते अप्रतिम आहे. मला मान्य. पण त्या खोलीत तो आधीच आणून टाकलेला आहे. मिळालेलं गोड मानून घेणं आणि ते निवडणं, यात फरक आहे, निदान मला तो जाणवतो. ज्यांना जाणवत नसेल त्यांनी पाचव्यावरच थांबावं, त्यांचं काही चुकणार नाही.

हाच प्रसंग 'लास्ट क्रुसेड'ने चौतीस वर्षं आधी केला होता, आणि म्हणून तुलना टाळता येत नाही. तिथेही हाच प्रश्न आहे: जन्मभर जिच्यामागे धावलो ती वस्तू समोर आल्यावर काय? इथे ती वस्तू म्हणजे येशूचा पवित्र प्याला, होली ग्रेल. जमीन दुभंगते, प्याला कपारीत अडकतो. एल्साचा एक हात इंडीच्या हातात, दुसरा प्याल्याकडे. इंडी तिला दुसरा हात दे म्हणून ओरडतोय, ती देत नाही, तिचा हातमोजा निसटतो आणि ती खाली जाते. लगेच तोच प्रसंग पुन्हा, आता लटकलेला इंडी आणि वर धरणारा बाप. इंडीची बोटं प्याल्याला लागतात. आणखी एवढंसं, असं तो म्हणतो. ज्याने आयुष्यभर या प्याल्याच्या नोंदी वहीत ठेवल्या, त्यापायी मुलाकडे पाहिलं नाही, तो बाप त्याला 'ज्युनियर' न म्हणता पहिल्यांदाच त्याच्या आवडत्या 'इंडियाना' या नावाने हाक मारतो आणि सोडून दे म्हणतो. इंडी वळून बापाकडे बघतो आणि तो हात वर देतो.

सगळं मिळून थोडा वेळ जातो. भाषण नाही. पण निर्णय त्याचा आहे, शुद्धीत घेतलेला. प्राचीन वस्तूची जागा संग्रहालयात, असा हट्ट धरत मोठा झालेला माणूस जगातली सर्वात मोलाची वस्तू दरीत राहू देतो. आमच्यासारखे जे लहानपणी अजब बंगल्याच्या, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयाच्या, काचांना नाक लावून उभे राहिले, त्यांना ते सोडणं किती जड असेल ते वेगळं सांगावं लागत नाही. आणि सोडणारे दोघं आहेत, बापही सोडतो. बापाचं काम करणारा शॉन कॉनरी फोर्डपेक्षा फक्त 12 वर्षांनी मोठा, तरी त्या क्षणी तो बापच वाटतो.

बाबांबद्दल मी म्हटलं होतं. झेपेलिनमधल्या टेबलावर बाप-लेक समोरासमोर बसतात, मुलगा तक्रार करतो की आपण कधी बोललोच नाही, आणि बाप म्हणतो की बोल, मी आहे इथे. मुलाला काही सुचत नाही. बाबा तिथे खो खो हसले. "बरोबर बोलतोय म्हातारा," म्हणाले. सिनेमाच्या तांत्रिक बाजूवर बोलणारे पुष्कळ आहेत, माझ्यासाठी ते हसणं पुरेसं होतं. पाचव्यात बाबा गप्प होते आणि तिसऱ्यात हसले. दोन्ही खरं आहे. पण शेवट म्हणून मला हसणं हवं होतं, आणि त्या हसण्यामागे एक घेतलेला निर्णय हवा होता.

तुमचं थोडं वेगळं असू शकतं. नुकतंच कुणी निवृत्त झालं असेल, घरात जवळचं माणूस गेलं असेल, तर 'डायल' तुमच्याशी जास्त बोलेल, आणि बुक्कीपर्यंत तो तुम्हाला कुठेही दगा देणार नाही. लहान मुलं सोबत असतील तर मात्र तिसराच शेवटी ठेवा. आणि मोठे बाप-लेक एकत्र बघणार असाल तर दुसरा विचारच करू नका.

दोन्ही पाहायचे असतील तर क्रम असा लावून बघा. पहिल्या दिवशी 'रेडर्स', लगेच दुसऱ्या दिवशी 'डायल'. जहाजावरचा प्रसंग ताजा असताना स्वयंपाकघरातला प्रसंग पाहिला की त्याचं वजन दुप्पट होतं. मध्ये बाकीच्या भागांचं अंतर पडलं तर नव्या प्रेक्षकाला तो दुवा लागतच नाही, पुतण्याचं तसंच झालं. त्यानंतर 'टेम्पल ऑफ डूम' बघायचा तर बघा, अमरीश पुरींसाठी तरी बघावा, आणि सर्वात शेवटी 'लास्ट क्रुसेड'. क्रम मोडल्याचं मनावर घेऊ नका. 'टेम्पल ऑफ डूम' दुसरा आला, पण त्यातली गोष्ट 1935 ची आणि 'रेडर्स'मधली 1936 ची, म्हणजे मालिकेने स्वतःच तो नियम केव्हाच मोडला आहे. आणि शक्यतो मूळ इंग्रजीत, खाली सबटायटल लावून पाहा. कॉनरी ज्या सुरात 'ज्युनियर' म्हणतो, तो सूर दुसऱ्या आवाजात येत नाही.