उद्यमनगरात बनवलेलं डोलकाठीचं चाक : सहा महिन्यांनंतर

कोल्हापुरात राहून शिडाची बोट ठेवलीय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "रंकाळ्यात चालवता काय?" नाही. बोट देवगडच्या खाडीत असते, मी इथं. शनिवारी पहाटे गगनबावड्याचा घाट उतरायचा, रविवारी रात्री परत. वीस फुटी सेकंडहँड बोट, त्यामुळे निम्मा वेळ पाण्यावर आणि निम्मा पाना-हातोडीत जातो.

शीड वर चढवायचा दोर म्हणजे हॅलयार्ड. तो डोलकाठीच्या टोकाशी ज्या चाकावरून वळतो ते शीव्ह. मी चाकच म्हणतो. माझ्या मोठ्या शिडाचं मूळ चाक ॲल्युमिनियमचं. आधीच्या मालकानं तारेचा हॅलयार्ड वापरला होता, तारेनं चाकाची खाच इंग्रजी व्हीसारखी कोरून काढली होती. मी त्यावर 8 मिमीचा पॉलिस्टर दोर चढवला आणि दोन महिन्यांत त्याच्यावर कापसासारखा फुलोरा आला. नवा दोर घेऊन उपयोग नव्हता, चाकच बदलायला हवं होतं.

काठी आडवी पाडून चाक काढायला बसलो तर चाक जिच्यावर फिरतं ती पिन हलेना. काठी ॲल्युमिनियमची, पिन स्टेनलेसची आणि मध्ये खारी हवा. भोकाभोवती पांढरी भुकटी फुगून बसलेली. गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी हीट गननं ॲल्युमिनियम गरम केलं, मग पितळी दांडा लावून ठोकली तेव्हा कुठं सुटली. दोर ओढून काढायच्या आधी त्याच्या शेपटाला बारीक सुतळी शिवायची असते, म्हणजे नवा दोर काठीतून परत ओवता येतो. मी विसरलो. पुढचा अर्धा दिवस कसा गेला ते विचारू नका.

पहिलं चाक मी इथल्याच एका दुकानातून बनवून घेतलं. मागितलं होतं ॲसिटल, म्हणजे बाजारात ज्याला डेल्रिन म्हणतात ते कडक प्लॅस्टिक. पांढरंशुभ्र, गुळगुळीत चाक आलं, मी खूश. काठीत चाक बसतं तो खाचा 16 मिमी रुंद, चाक 15.75. सप्टेंबर अखेरीस बसवलं. नोव्हेंबरच्या शेवटी दुपारी वायव्येचा वारा वाढला, शीड उतरवायला घेतलं आणि ते अर्ध्यावर थांबलं. चाक फिरतच नव्हतं, दोर नुसता घासत होता. शेवटी शिडाला लोंबकळून, शिव्या देत, वीत-वीत करत खाली आणलं. वारा वाढत असताना शीड खाली न येणं म्हणजे काय, हे ज्यानं अनुभवलंय त्याला सांगायला नको.

चाक काढून व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावला तर 15.95! उरलेल्या फटीत मीठ. खोबणीत अडकलेल्या लाकडी खिडकीसारखं झालं होतं.

मग उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या भागात, दुसऱ्या एका मेस्त्रींकडे गेलो. ऑइल इंजिनाचे भाग आणि गुऱ्हाळाच्या घाण्याचे बुश (दांड्यावर बसणाऱ्या नळ्या) यांत हयात गेलेला माणूस, समुद्राशी काडीचा संबंध नाही. त्यांनी चाक नखानं खरवडलं आणि म्हणाले, "हे नायलॉन दिसतंय. घरला जाऊन मिठाच्या पाण्यात टाका. तरंगलं तर नायलॉन, बुडलं तर डेल्रिन." साध्या पाण्यात दोन्ही बुडतात. साध्या पाण्याची घनता 1 धरली तर नायलॉनची साधारण 1.14, ॲसिटलची 1.41, आणि मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलेल्या पाण्याची 1.2 च्या आसपास. घरी लिटरभर पाण्यात साडेतीनशे ग्रॅम मीठ ढवळलं आणि पहिल्या दुकानातून आणलेला उरलेला तुकडा टाकला. आरामात तरंगला. बायको म्हणाली, "आता लोणचं घालताय काय त्याचं?"

नायलॉन वाईट नाही, पण ते पाणी पितं आणि फुगतं. ॲसिटल जवळजवळ पीत नाही. रॉड हातात घेऊन दोन्हीतला फरक मला तरी कळत नाही, म्हणून आता तुकडा आधी मिठाच्या पाण्यात, पैसे नंतर.

मेस्त्रींनी काळ्या ॲसिटलचं चाक काढलं. काळं अशासाठी की पांढरं उन्हात लवकर खराब होतं, आणि काठीच्या टोकाला सावली कुठली! खाचेसाठी त्यांनी हायस्पीड स्टीलचा तुकडा ग्राइंडरवर घासून 9 मिमीचं गोल टूल केलं. 8 चा दोर त्यात मोकळा बसतो. लेथवरून काळ्या शेवया लोंबत होत्या. रुंदी 15.5 ठेवायला सांगितली तेव्हा, "एवढं ढिलं?" म्हणून त्यांनी भुवई उडवली. दोन्ही बाजूंना मिळून अर्धा मिमी. मिठालाही जागा लागते. मात्र फट दोराच्या जाडीच्या जवळपासही जाता कामा नये, नाहीतर दोर चाकावरून उतरून त्या फटीत रुततो.

मध्ये गनमेटलचा, म्हणजे काशासारख्या मिश्रधातूचा बुश, पिन 316 स्टेनलेसची नवी. पिनवर कंजुषी नको. दोर वर जाऊन परत खाली येतो, म्हणून दोराला शंभर किलोचा ताण असेल तर पिनवर दोनशेचा भार येतो. ॲल्युमिनियमला टेकते तिथं टेफ-जेल, म्हणजे दोन धातूंमधला गंज रोखणारं मलम, लावलं. ते बाहेरून मागवावं लागलं आणि चाकापेक्षा महाग पडलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून मे अखेरपर्यंत जवळजवळ दर शनिवार-रविवारी वापरलं. शीड एका हातानं चढतं, उतरताना स्वतःच्या वजनानं निम्मं खाली येतं. ग्रीस लावलेलं नाही, त्यावर धूळ आणि मीठ चिकटतं. जेट्टीवर परत आलो की गोड्या पाण्याचा पाइप वरपर्यंत धरतो, बस्स. एप्रिलमध्ये बारीक किरकिर ऐकू यायला लागली. बुश असेल म्हणून घाबरलो होतो, पण निघाला पिन धरून ठेवणाऱ्या पट्टीचा ढिला स्क्रू.

पावसाळ्यासाठी काठी पाडल्यावर चाक काढून मापलं : 15.52. खाच गुळगुळीत, दोराला फुलोरा नाही. बुशाच्या आत एका बाजूला चकाकी आलीय, बोटाला पायरी लागत नाही. पिन अंगठ्यानं ढकलली आणि बाहेर आली.

बोटीच्या पुढच्या बाजूच्या शिडाचं चाक अजून जुनंच आहे, ॲल्युमिनियमचं. मेस्त्रींना फोन केला तर म्हणाले, गणपतीच्या आधी जमणार नाही, मंडळाच्या कमानीचं काम हाय. तोवर ते चाक माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून बसलंय.