स्टुडंट मायक्रोस्कोप : मरळीचं रक्त बघितलं आणि पैसे वसूल

मुलगी पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला आहे, तिच्यासाठी बेळगावात लॅबचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून एलईडीवाला साधा मायक्रोस्कोप घेतला, दोन महिने वापरून लिहितोय. दुकानदार १०० पटीची, तेलाचा थेंब लावून वापरायची ऑइल लेन्सवालं महागडं मॉडेल गळ्यात मारत होता पण घरी ते नकोच बगा, ४० पटीची लेन्स आणि १० पटीचं आयपीस (डोळा लावायचं भिंग) म्हणजे ४०० पट, आणि तेवढ्यात माशाच्या लाल पेशीतलं केंद्रक स्वच्छ दिसतंय.

आपल्या लाल पेशीत केंद्रक नसतंच, पेशी तयार होतानाच ते बाहेर टाकलं जातं म्हणून ती गोल आणि मधे खोलगट. माशाची लांबट, अंड्यासारखी आणि केंद्रक शेवटपर्यंत तिच्यात राहतं. बेडूक, पक्षी यांचंही तसंच. पुस्तकात हे एका ओळीत असतं, पोरं पाठ करतात आणि विसरतात.

खानापूरला बाजारात एक मावशी टबात जिवंत मरळ मासे ठेवतात, काचपट्ट्या घेऊनच गेलो. कापताना कल्ल्याजवळचा थेंब मागितला तर म्हणाल्या, "रक्त घेऊन काय करणार वो?" तिथंच दुसऱ्या काचेनं पसरून घेतलं कारण माशाचं रक्त लगेच गोठतं. एक थेंब साध्या पाण्यात मिसळून बघितला तर पेशीत पाणी शिरून त्या फुटल्या, नुसती केंद्रकं तरंगत राहिली! सलाईनमध्ये मात्र अख्ख्या राहिल्या. सुकलेल्या स्लाईडला लीशमन स्टेन (रक्तपेशी रंगवायचा रंग) दिला, गुलाबी पेशी आणि मधोमध जांभळा ठिपका, शेजारी माझ्या बोटाच्या रक्ताची स्लाईड, तिच्यात लाल पेशी सगळ्या रिकाम्या. मुलगी तासभर उठली नाही, मग तिनंच शोधून सांगितलं की अंटार्क्टिकाच्या आइसफिशच्या रक्तात हिमोग्लोबिनच नसतं, रक्त पाण्यासारखं, नॉर्वेचे शास्त्रज्ञ योहान रूड यांनी १९५४ मध्ये त्यावर लिहिलंय.

मोबाईल आयपीसला लावून काढलेला फोटो मावशींना दाखवला, "मधी डोळा हाय की" म्हणाल्या.

तक्रार एकच, दिव्याचा ॲडॉप्टर आठवड्यात गेला, बदलून दिला पण दोन खेपा घालाव्या लागल्या. स्लाईड धरायची क्लिपही जरा ढिली आहे. घेताना ४० ची लेन्स दुकानातच स्लाईड लावून बघा, कडेला धूसर दिसलं तर दुसरा पीस मागा, आणि स्टेन तिथूनच घ्या, मेडिकलमध्ये मला मिळाला नाही.